एक आकडा, दोन पडदे

प्रास्ताविक

रेल्वे स्थानकात शिरताच आपली नजर प्रथम कोठे जाते? बहुधा गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकाकडे. आपली गाडी कोणत्या फलाटावर येणार आणि ती वेळेवर आहे की उशिरा धावत आहे, एवढेच आपल्याला जाणून घ्यायचे असते. गाडीला किती डबे आहेत, इंजिन कोठे तयार झाले, चालक कोण आहे, ही माहितीही रेल्वेकडे असते. परंतु ती सारी त्या फलकावर लिहिली, तर वाचता वाचता आपली गाडी चुकेल.

पुष्कळ आकड्यांतून नेमके आकडे निवडून, ते एका दृष्टिक्षेपात समजतील अशा रीतीने मांडणाऱ्या पडद्याला आज ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. बँका, रुग्णालये, वीज वितरण कंपन्या, जिल्हा प्रशासन, कारखाने अशा सर्व ठिकाणी त्याचा वापर होतो. असा डॅशबोर्ड कसा आखावा आणि तो कार्यालयातील संगणकाच्या मोठ्या पडद्यावर व हातातील मोबाइलच्या लहान पडद्यावर सारखाच उपयोगी कसा ठरावा, हे प्रस्तुत पाठात आपण भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उदाहरणावरून समजावून घेणार आहोत.

शब्दाचा प्रवास

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मुळात घोडागाडीचा आहे. घोडा धावू लागला की त्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येई. तो अडवण्यासाठी गाडीवानाच्या पायांसमोर एक फळी बसवीत. ती फळी म्हणजे डॅशबोर्ड. पुढे मोटारगाड्या आल्या, घोडा गेला, परंतु चालकासमोरच्या भागाचे नाव तेच राहिले. वेग, इंधन, इंजिनाचे तापमान दाखवणाऱ्या तबकड्या त्यावर बसल्या. संगणक आल्यावर हेच नाव आकडेवारीच्या पडद्याला मिळाले.

या शब्दप्रवासात एक बोध दडलेला आहे. जुन्या फळीचे काम अडवण्याचे होते आणि आजच्या पडद्याचे काम दाखवण्याचे आहे. परंतु चांगला डॅशबोर्ड ही दोन्ही कामे करतो. तो हवी ती माहिती दाखवतो आणि नको त्या माहितीचा चिखल अडवतो. या विषयाचे अमेरिकन अभ्यासक स्टीफन फ्यू यांनी 2006 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याच गोष्टीवर भर दिला. एखादे उद्दिष्ट साधण्यासाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची माहिती एकाच पडद्यावर, नजर टाकताच कळेल अशी एकत्र मांडणे, हे डॅशबोर्डचे कार्य होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भिलाईचा कारखाना आणि त्याचे आकडे

भिलाई हे छत्तीसगढ राज्याच्या दुर्ग जिल्ह्यातील, मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरील शहर होय. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वेळी हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभी वर्षाला 10 लाख टन पोलाद तयार करण्याची या कारखान्याची क्षमता होती. भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा कारखाना म्हणून भिलाईचे नाव देशभर प्रसिद्ध आहे.

झोतभट्टी म्हणजे लोखंड वितळवणारी प्रचंड उंच भट्टी. दल्ली राजहरा येथील खाणींतून येणारे लोहखनिज, त्याच्यासोबत कोक आणि चुनखडी हे पदार्थ वरून भट्टीत सोडले जातात आणि खालून तप्त हवेचा झोत सोडला जातो. तळाशी वितळलेले लोखंड जमते, तर वरून ज्वलनशील व विषारी वायू बाहेर पडतो. भट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू असते. 2 फेब्रुवारी 2018 रोजी भिलाईत ‘महामाया’ ही आठवी झोतभट्टी सुरू झाली. तिचे उपयुक्त आकारमान 4060 घनमीटर असून दिवसाला 8030 टन वितळलेले लोखंड देण्याची तिची क्षमता आहे.

अशा भट्टीच्या पोटात माणसाला डोकावता येत नाही. हवेचा दाब, झोताचे तापमान, भिंती थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह, वायूचे प्रमाण हे सर्व यंत्रे मोजतात आणि माणूस त्यांचे आकडे वाचतो. जुन्या नियंत्रण कक्षांत भिंतभर तबकड्या असत आणि फिरत्या कागदावर सरकणारी लेखणी तापमानाची रेषा उमटवीत असे. आज तबकड्यांची जागा संगणकाच्या पडद्यांनी घेतली आहे. साधन बदलले, तरी वाचणाऱ्याची गरज बदललेली नाही. भट्टी ठीक आहे का, नसेल तर नेमके काय बिघडले आणि आपण काय करावे, हेच त्याला पडद्यावर शोधायचे असते.

आधी प्रश्न, मग पडदा

डॅशबोर्ड आखताना पुष्कळ जण प्रथम विचारतात, ‘आपल्याजवळ कोणकोणते आकडे आहेत?’ हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न असा, की ‘हा पडदा कोण पाहणार आणि पाहून काय ठरवणार?’

अशा कारखान्यातील तीन व्यक्तींची कल्पना करा. पहिली व्यक्ती नियंत्रण कक्षात बसलेली आहे. तिच्यासमोर मोठे पडदे आहेत, आठ तासांची पाळी आहे आणि दाब किंचित वाढला तरी तिने लगेच हालचाल करायची आहे. दुसरी व्यक्ती पाळीप्रमुख आहे. ती एका विभागातून दुसऱ्या विभागात चालत जाते आणि मध्येच खिशातून मोबाइल काढून पाळीचे काम कसे चालले आहे ते पाहते. तिसरी व्यक्ती व्यवस्थापक आहे. सकाळी बैठकीला जाताना गाडीत बसून ती कालच्या उत्पादनाचा अंदाज घेते आणि नंतर कार्यालयातील संगणकावर महिन्याचा कल तपासते.

तिघांचे आकडे एकाच भट्टीतून आलेले आहेत. प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत. पहिलीला ‘या क्षणी’ हवा आहे, दुसरीला ‘ही पाळी’ हवी आहे आणि तिसरीला ‘हा महिना’ हवा आहे. तिघांनाही एकच पडदा दिला, तर तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. म्हणून आखणी करणाऱ्याने कागदावर प्रथम प्रश्न लिहावेत, त्यांचा महत्त्वाप्रमाणे क्रम लावावा आणि ज्या आकड्याने कोणताच निर्णय बदलत नाही तो आकडा वगळावा. वगळणे हे या कलेतील सर्वांत कठीण काम आहे. प्रत्येक विभागाला आपला आकडा पडद्यावर असावा असे वाटते. परंतु सर्वांचे समाधान करणारा पडदा शेवटी वाचणाऱ्याला असमाधानी ठेवतो.

एकटा आकडा मुका असतो

समजा, मोजणी सकाळी सहा वाजता सुरू झाली आणि दुपारी दोन वाजता पडद्यावर ‘2,540’ असा आकडा दिसला. तो चांगला की वाईट? नुसत्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. दिवसाला 8030 टन क्षमता असलेल्या भट्टीकडून तासाला सुमारे 335 टन आणि आठ तासांत सुमारे 2,680 टन लोखंड मिळावे, अशी अपेक्षा धरता येते. आता पडद्यावर ‘पहिली पाळी : 2,540 टन, अपेक्षित 2,680 टन, 140 टन कमी’ असे लिहिले, तर तोच आकडा बोलू लागतो. पाळीप्रमुखाला काम कोठे मागे पडले याचा शोध घेण्याची दिशा मिळते. येथील 2,540 हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. त्यातील तत्त्व मात्र सर्वत्र लागू पडते.

प्रत्येक आकड्यासोबत चार गोष्टी असाव्यात. एक, त्याचे नाव. दोन, त्याचे एकक. तीन, तुलनेसाठी दुसरा आकडा. आणि चार, तो कोणत्या वेळेचा आहे याची नोंद. तुलना अपेक्षेशी, कालच्या दिवसाशी किंवा सुरक्षित मर्यादेशी करता येते. कोणती तुलना योग्य, हे पुन्हा वाचणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून असते.

‘एकूण’ या शब्दाकडेही सावधपणे पाहिले पाहिजे. 16 जानेवारी 2021 रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा दिलेल्या लसमात्रांची आकडेवारी नागरिकांना डॅशबोर्डवर पाहता येत होती. आतापर्यंतच्या एकूण मात्रांची रेषा नेहमी वरच जाते. लसीकरणाचा वेग मंदावला तरी ती खाली येऊ शकत नाही. आज काम वेगाने चालले आहे की नाही, हे पाहण्यासाठी दररोजच्या मात्रांचा आकडा पाहावा लागतो. दोन्ही आकडे खरेच असतात. परंतु एकाच्या प्रश्नाला दुसरा उत्तर देत नाही.

आलेखाची निवड

आकडे चित्ररूपाने मांडण्याची परंपरा जुनी आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी 1786 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रेषालेख आणि स्तंभालेख वापरले. वर्तुळालेख त्यांनी 1801 साली आणला. या तिन्ही प्रकारांची योग्यता सारखी नाही. 1984 साली विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी दाखवून दिले, की एकाच मापपट्टीवरील स्थान आणि लांबी यांची तुलना माणूस बऱ्याच अचूकतेने करतो. कोन आणि क्षेत्रफळ यांचा अंदाज मात्र त्याला तितका अचूक बांधता येत नाही.

यावरून काही साधे नियम निघतात. काळाप्रमाणे होणारा बदल दाखवायचा असेल, तर रेषालेख घ्यावा. विभागांची किंवा भट्ट्यांची तुलना करायची असेल, तर स्तंभालेख घ्यावा. वर्तुळालेख फार तर दोन-तीन हिश्शांसाठी वापरावा. मोटारीतील तबकडीसारखे गोल चित्र आकर्षक दिसते, परंतु ते पुष्कळ जागा घेऊन एकच आकडा सांगते.

स्तंभालेखाची मापपट्टी शून्यापासूनच सुरू झाली पाहिजे. समजा, एका भट्टीने अपेक्षेच्या 90 टक्के आणि दुसरीने 95 टक्के काम केले. मापपट्टी 85 पासून सुरू केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसेल. प्रत्यक्षातील फरक पाच टक्क्यांचा आहे. डोळ्यांना मात्र तो शंभर टक्क्यांचा भासेल. आकडे खरे असूनही चित्र खोटे बोलू शकते ते असे.

मोठा पडदा आणि लहान पडदा

आता आपण पाठाच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. डेस्कटॉप संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी तयार केलेला डॅशबोर्ड मोबाइलवर पाहिला की काय होते? बारा आलेख आकसून एका तळहातात मावतात आणि त्यांपैकी एकही वाचता येत नाही. वाचणारा दोन बोटांनी चित्र मोठे करतो, डावीकडे-उजवीकडे सरकवतो आणि आपण कोठे होतो हे विसरतो. पडदा लहान झाला म्हणून अक्षरे लहान करणे हा उपाय नव्हे. निवड अधिक कठोर करणे हा उपाय आहे.

दोन पडद्यांतील फरक केवळ लांबी-रुंदीचा नसतो. तो पाहणाऱ्याच्या परिस्थितीचा असतो. संगणकासमोर माणूस बसलेला असतो, दोन्ही हात मोकळे असतात, खोलीतील प्रकाश स्थिर असतो आणि वेळही असतो. मोबाइल पाहणारा उभा किंवा चालता असतो, एक हात गुंतलेला असतो, डोक्यावर छत्तीसगढचे मे महिन्याचे ऊन असते आणि त्याच्याजवळ काही क्षणच असतात. संगणकावर तो अनेक आकड्यांची एकमेकांशी तुलना करू शकतो. मोबाइलवर त्याला बहुधा एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते.

अमेरिकन रचनाकार ईथन मारकॉट यांनी 2010 साली एक पद्धत मांडली. मोठ्या आणि लहान पडद्यांसाठी वेगवेगळी पाने तयार न करता, एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलील, असे ते रचावे, हा तिचा गाभा होय. पाणी जसे भांड्याचा आकार घेते, तशी मांडणी पडद्याचा आकार घेते. मोठ्या पडद्यावर तीन-चार रकाने शेजारी शेजारी बसतात. मोबाइलवर तेच रकाने एकाखाली एक उतरतात.

परंतु येथेच क्रमाचे महत्त्व वाढते. मोठ्या पडद्यावर सर्व काही एकदम दिसत असल्यामुळे क्रम थोडा चुकला तरी निभावते. मोबाइलवर खालचे दिसण्यासाठी पडदा सरकवावा लागतो आणि घाईत असलेला माणूस तो सरकवीलच असे नाही. म्हणून आखणीची सुरुवात लहान पडद्यापासून करावी. मोबाइलवर सर्वांत वर येणारी तीन उत्तरे कोणती, हे ठरले की मोठ्या पडद्याचे काम सोपे होते. तीच तीन उत्तरे तेथे डावीकडे वर, ठळक अक्षरांत बसतात आणि उरलेल्या जागेत त्यांचे तपशील येतात.

काही गोष्टींचे रूपही बदलावे लागते. संगणकावर तीस दिवसांचा रेषालेख सहज वाचता येतो. मोबाइलवर सात दिवसांचा पुरेसा असतो आणि बाकीचे दिवस एका बटणामागे ठेवता येतात. आठ रकान्यांचा तक्ता मोबाइलवर मावत नाही. तेथे प्रत्येक ओळीची एक चिठ्ठी करावी आणि तिच्यावर नाव, मुख्य आकडा आणि अपेक्षेपेक्षा कमी की अधिक, एवढेच लिहावे. संगणकावर माउसचा बाण आलेखावर नेला की अचूक आकडा उमटतो. मोबाइलवर बोट असते, बाण नसतो. म्हणून महत्त्वाचा आकडा आलेखावर आधीच लिहिलेला असावा. बोटाला नेमके दाबता यावे यासाठी बटण निदान नऊ मिलिमीटर रुंद व तेवढेच उंच असावे आणि दोन बटणांत अंतर असावे.

एक पथ्य मात्र कधीही मोडू नये. मांडणी बदलली तरी आकडा, त्याचे नाव आणि त्याची व्याख्या दोन्ही पडद्यांवर एकच असली पाहिजे. संगणकावर ‘उत्पादन’ म्हणजे आज सकाळपासूनचे आणि मोबाइलवर ‘उत्पादन’ म्हणजे गेल्या चोवीस तासांचे, असा घोळ झाला तर बैठकीत दोन माणसे दोन आकडे घेऊन भांडत बसतील आणि शेवटी दोघांचाही त्या डॅशबोर्डवरील विश्वास उडेल.

देवनागरी अक्षरांची जागा

भारतीय भाषांतील डॅशबोर्ड आखताना लिपीचाही विचार करावा लागतो. देवनागरी अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात आणि खाली उकार असतात. इंग्रजी मजकुरासाठी ठेवलेल्या ओळींच्या अंतरात मराठी मजकूर बसवला, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. म्हणून ओळींमध्ये अधिक मोकळी जागा सोडावी आणि अक्षरे फार बारीक करू नयेत. उभ्या स्तंभांखाली नावे मावत नाहीत म्हणून ती तिरपी लिहिण्याची प्रथा आहे. तिरपी शिरोरेषा वाचताना डोळ्यांना त्रास होतो. त्याऐवजी स्तंभ आडवे करावेत आणि नावे डावीकडे सरळ लिहावीत. मोबाइलच्या उभट पडद्यावर ही मांडणी विशेष शोभते.

मोठ्या संख्या लिहिताना आपल्या वाचकाची सवय पाळावी. ‘12,34,567’ ही संख्या बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट म्हणून सहज वाचली जाते. ‘12.3 लाख’ असे लिहिले, तर मोबाइलवर जागाही वाचते. मथळाही नेमका असावा. ‘पाणी’ असा मथळा अपुरा आहे. ‘शीतक पाण्याचा प्रवाह’ हा पुरेसा आहे. भाषा अचूक नसेल, तर आकड्याची अचूकता वाया जाते.

रंगांची भाषा

लाल रंग धोक्याचा, हिरवा सुरक्षिततेचा, हे आपण रेल्वेच्या सिग्नलवरून शिकलो आहोत. परंतु काही व्यक्तींना, विशेषतः काही पुरुषांना, जन्मतःच लाल आणि हिरवा यांतील भेद नीट ओळखता येत नाही. म्हणून केवळ रंगावर भिस्त ठेवू नये. लाल रंगासोबत ‘मर्यादेबाहेर’ असा शब्द किंवा वर जाणारा बाण असावा. उन्हात फिकट रंग पुसट होतात. संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत यासाठी तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान 4.5 : 1 असावे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे कार्यालयात सुबक दिसतात, मोकळ्या आवारात मात्र नाहीशी होतात.

शिवाय लाल रंग जपून खर्च करावा. ज्या पडद्यावर दहा ठिकाणी लाल आहे, त्या पडद्यावर खरा धोका लपून जातो.

शिळा आकडा आणि खोटा दिलासा

झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या कारखान्यात एका पंपगृहात झालेल्या वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेची कारणे हा या पाठाचा विषय नाही. परंतु अशा ठिकाणी यंत्राने मोजलेला आकडा हाच माणसाचा डोळा आणि हेच त्याचे नाक असते, हे तिच्यावरून लक्षात यावे. तो आकडा चुकीचा किंवा जुना असेल, तर त्यावर विसंबलेला माणूस आंधळा होतो.

मोबाइलवर हा धोका अधिक असतो. जाड भिंतींच्या इमारतीत शिरले की संपर्क तुटतो. तरीही पडद्यावर शेवटचा आकडा तसाच झळकत राहतो. वाचणाऱ्याला तो आत्ताचा वाटतो. म्हणून प्रत्येक आकड्याजवळ ‘दुपारी 2.10 ची नोंद’ असे लिहावे आणि नोंद जुनी झाली की तो आकडा फिका करून ‘संपर्क नाही’ असे स्पष्ट सांगावे. त्याचप्रमाणे ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ यांत गल्लत होऊ देऊ नये. ‘वायू शून्य’ म्हणजे हवा सुरक्षित आहे. ‘नोंद नाही’ म्हणजे हवा कशी आहे ते ठाऊक नाही. दोन्ही ठिकाणी 0 छापणे हा जीवघेणा हलगर्जीपणा ठरू शकतो.

28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. तेथील एक झडप उघडीच अडकली होती. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद झाल्याचा समज करून देत होता. कारण तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नव्हता, ती बंद करण्याचा संकेत गेला आहे एवढेच दाखवीत होता. त्यातच पहिल्या काही मिनिटांत शंभरहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या आणि त्या कोलाहलात महत्त्वाची सूचना कोणती, हे कर्मचाऱ्यांना ओळखता येईना. आज्ञा दिली गेली आणि काम झाले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डॅशबोर्डने यांपैकी कोणती गोष्ट आपण दाखवीत आहोत, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

येथे एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. डॅशबोर्ड हा भोंग्याला, वायुशोधक यंत्राला किंवा सुरक्षा नियमांना पर्याय नव्हे. कारखान्याच्या अनेक धोकादायक विभागांत मोबाइल वापरण्यास मनाई असते. जिवाशी संबंधित इशारा माणसाने खिशातील पडदा उघडून पाहण्याची वाट बघू शकत नाही. तो जागेवरच वाजला पाहिजे.

पारख

डॅशबोर्ड तयार झाला की त्याची परीक्षा तयार करणाऱ्याच्या टेबलावर घेऊ नये. ज्याच्यासाठी तो आहे त्या व्यक्तीला, ती जेथे काम करते त्या जागी, तिच्याच मोबाइलवर तो दाखवावा. पाच सेकंदांनी पडदा झाकून विचारावे, ‘काय ठीक आहे? काय बिघडले आहे? आता तुम्ही काय कराल?’ उत्तरे आली, तर आखणी साधली. ‘छान दिसतो’ एवढेच उत्तर आले, तर काम अजून बाकी आहे. महिन्याभराने पुन्हा जावे आणि कोणता आकडा कोणीच पाहत नाही, हे विचारून तो काढून टाकावा.

ही परीक्षा केवळ कारखान्यापुरती नाही. गावातील पाणीपुरवठा, शाळेतील हजेरी, रुग्णालयातील रिकाम्या खाटा, यांपैकी कोणताही पडदा या कसोटीवर घासून पाहता येतो. मोठा पडदा विचार करायला मदत करतो आणि लहान पडदा वेळेवर पाऊल उचलायला मदत करतो. दोन्हींच्या मागे आकडा एकच असतो आणि त्या आकड्याच्या मागे माणसे असतात. पाळी संपवून त्या माणसांनी सुखरूप घरी पोहोचावे, यासाठी तो आकडा खरा, ताजा आणि समजेल असा ठेवणे, ही आखणी करणाऱ्याची जबाबदारी आहे.

स्वाध्याय

1. ‘चांगला डॅशबोर्ड दाखवतो आणि अडवतोही,’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

2. ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ यांतील फरक स्वतःचे एक उदाहरण देऊन सांगा.

3. मोठ्या पडद्यावरील आठ रकान्यांचा तक्ता मोबाइलसाठी कसा बदलाल?

4. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : दृष्टिक्षेप, भिस्त ठेवणे, खोटा दिलासा, कसोटीवर घासणे.

5. कृती : आपल्या घरातील गेल्या सहा महिन्यांची वीजबिले घ्या. घरातील वडीलधाऱ्यांना या बिलांतून कोणते तीन प्रश्न सुटायला हवे आहेत, ते विचारा. त्या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा एक पडदा कागदावर दोन आकारांत काढा : एक वहीच्या आडव्या पानाएवढा आणि दुसरा मोबाइलएवढा. दुसऱ्या आकारात तुम्ही काय वगळले आणि का, हे पाच-सहा वाक्यांत लिहा.